धागा: अंगावरून वारं गेलं तर? नवं संशोधन आणि गोव्यातलं घड्याळ

मोगरी_कुडचडे
वाड्यावरच्या मंडळासाठी पक्षाघातावर चार पानी पत्रक काढायचं घाटतंय. तयार मिळणारी पत्रकं 'तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, १०८ फिरवा' इथवर येऊन थांबतात. त्यापुढे काय? नव्या अभ्यासांतलं आपल्या कामाचं किती, चुका नेमक्या कुठे होतात, घरी आणल्यावर काय करायचं, एवढं हवंय. आपापले अनुभव इथे नकोत, त्याला दुसरा धागा आहे. इथे फक्त आकडे, पायऱ्या आणि कारणं.

अजून एक. आमच्याकडे 'वारं गेलं' म्हणतात, आणि वारं म्हटलं की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. पत्रकात तो शब्द ठेवू की नको?

एकशेआठवाला
शब्द ठेवा, नाहीतर पत्रक वाचणार कोण? पण त्याच्या खाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत एक प्रश्न छापा: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला?

लक्षणं कधी दिसली, हा प्रश्न वेगळा. रात्री दहाला जेवून झोपला आणि पहाटे पाचला हात उचलेना, तर डॉक्टर घड्याळ दहापासून धरतात. मध्ये तीनला उठून न्हाणीत गेला, नीट चालला, हे कोणी पाहिलं असेल तर तीनपासून. म्हणून ज्याने पाहिलं तोच माणूस गाडीत बसायला हवा. घरचे बहुतेक वेळा वयाने मोठा, वजनदार माणूस बरोबर पाठवतात, ज्याला काहीच ठाऊक नसतं.

बरोबर औषधांच्या पट्ट्या घ्या, नुसती फाइल नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल (असिट्रोम, वॉर्फेरिन, डॅबिगॅट्रान, अपिक्साबान), तर शेवटची कधी घेतली ते विचारून ठेवा.

तोंडातून काहीही नाही. पाणी नाही, चहा नाही, साखर नाही, अ‍ॅस्पिरिनही नाही. हार्ट अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिन चघळायला सांगतात ते लोकांच्या डोक्यात बसलंय, पण इथे मेंदूतली रक्ताची नळी गुठळीने तुंबली आहे की फुटून रक्तस्राव झालाय, हे सीटी केल्याशिवाय कळत नाही. गुंगीत असेल तर कुशीवर वळवा.

गाडीत आधी बोटातून साखर बघतात, त्याला वेळ घालवणं समजू नका. साखर ५० च्या खाली गेली तरी एक बाजू लुळी पडू शकते, आणि शिरेतून ग्लुकोज गेल्यावर माणूस काही मिनिटांत उठून बसतो.

कुठे न्यायचं? जिथे त्या घटकेला सीटी चालू आहे तिथे. काणकोण, सांगे, सत्तरीकडचे लोक आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जातात, तिथे सलाईन लागते, चिठ्ठी लिहिली जाते आणि मग दुसरी गाडी शोधतात. त्या सलाईनने गुठळी हलत नाही. श्वास घुरघुरत असेल किंवा झटके येत असतील तरच वाटेत थांबायचं. १०८ ला फोन करतानाच 'पक्षाघात वाटतो, अमुक वाजेपर्यंत ठीक होता' असं सांगा, म्हणजे कुठे न्यायचं ते गाडी निघण्याआधीच ठरवता येतं.

न्यूरो_ताळगाव
वरचं सगळं बरोबर. आता ते घड्याळ कशासाठी, ते सांगतो.

गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीने सिद्ध झालं, मर्यादा ३ तास. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांवर नेली. मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा हिस्सा एका मिनिटात, उरलेलं तासाभरात पंपाने. वजन अंदाजाने लिहिलं की मात्रा चुकते, म्हणून खरं वजन ठाऊक असेल तर तेही सांगा. १९९५ च्या त्याच चाचणीत त्रासदायक रक्तस्राव औषध दिलेल्यांत ६.४ टक्के आणि न दिलेल्यांत ०.६ टक्के होता. सही घेताना डॉक्टर जो धोका सांगतात तो हाच. तरीही तीन महिन्यांनी धडधाकट असणाऱ्यांची संख्या औषध घेतलेल्यांत स्पष्ट जास्त होती, म्हणून ते देतात.

आता जागा घेतंय टेनेक्टेप्लेज. एकच इंजेक्शन, पाच-दहा सेकंदांत. पंप नको, तासभर थांबणं नको. लहान इस्पितळातून मोठ्याकडे पाठवताना हा फरक फार मोठा ठरतो. २०२२ च्या कॅनडातल्या चाचणीत ते अल्टेप्लेजपेक्षा कमी पडलं नाही, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही पक्षाघातासाठी मान्यता दिली.

दुसरा टप्पा म्हणजे थ्रोम्बेक्टमी. मोठी नळी तुंबली असेल तर जांघेतून कॅथेटर मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून किंवा शोषून काढतात. २०१५ च्या पाच चाचण्यांनी चित्र पालटलं. त्यांचा एकत्र हिशोब केला तर दर २.६ रुग्णांमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. मेंदूरोगात इतका चांगला आकडा क्वचित दिसतो. २०१८ मध्ये छपाईत आलेल्या डॉन आणि डिफ्यूज-३ या चाचण्यांनी निवडक रुग्णांत ही मुदत अनुक्रमे २४ आणि १६ तासांवर नेली.

'निवडक' या शब्दाखाली रेघ मारा. २४ तास आहेत म्हणजे उद्या सकाळी नेलं तरी चालेल, असा अर्थ लोक काढतात. मेंदूचा वाचवण्याजोगा भाग कुणाचा दोन तासांत संपतो, कुणाचा वीस तास तग धरतो. बाजूच्या नळ्यांतून किती रक्त पोचतं त्यावर ते अवलंबून असतं, आणि घरी बसून ते कळायला मार्ग नाही.

खाजन
डॉक्टर, टेनेक्टेप्लेजच्या मात्रेचा घोळ पत्रकात नको, पण इथे नोंदवून ठेवतो. परदेशी चाचण्यांत किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५. आपल्याकडे पुण्यात तयार होणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली ती ०.२ आणि कमाल २० अशी. परदेशातल्या चाचण्यांचे आकडे त्याला जसेच्या तसे चिकटवू नयेत.

गोव्याच्या दृष्टीने मला २०२४ ची ट्रेस-३ चाचणी जास्त महत्त्वाची वाटते. चीनमधले ५१६ रुग्ण, मोठी नळी तुंबलेली, ४.५ ते २४ तासांत आलेले, थ्रोम्बेक्टमी मिळणं शक्य नसलेले. टेनेक्टेप्लेज दिलेल्यांत ३३ टक्के लोक ९० दिवसांनी जवळजवळ पूर्ववत, इतरांत २४.२ टक्के. डोक्यातला रक्तस्राव ३ टक्के विरुद्ध ०.८. पण निवड केली होती पर्फ्यूजन स्कॅन (मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त पोचतं ते दाखवणारा) करून. ती सोय नसलेल्या ठिकाणी 'उशीर झाला तरी इंजेक्शन द्या' म्हणून डॉक्टरांशी भांडू नये.

सीटीरूम
स्कॅनबद्दलचे गैरसमज.

साधा सीटी मुख्यतः रक्तस्राव आहे का ते बघायला. ताजं रक्त पांढरं दिसतं, लगेच दिसतं. गुठळीचा पक्षाघात पहिल्या तासांत साध्या सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही. 'सीटी नॉर्मल आला, मग काही नाही' असं म्हणून घरी परतणं ही सगळ्यांत महाग चूक. नॉर्मल सीटी आणि लुळा हात, म्हणजे गुठळीच्या औषधाचा विचार करायची वेळ.

त्याच टेबलावर अँजिओग्राफी करतात, छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून टाळूपर्यंत. मोठी नळी तुंबल्याचा संशय असेल तर क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी थांबत नाहीत. दंडातली सुई जाडी लागते, कारण रंगद्रव्य सेकंदाला चार-पाच मिली वेगाने जातं. मनगटावरच्या बारीक सुईतून ते जात नाही, मग पुन्हा टोचणं आलं. रुग्ण हलला की चित्र फिसकटतं. दागिने, केसातले चाप, काढता येणारी कवळी गाडीतच उतरवून पिशवीत टाका.

झोपेत झालेल्या पक्षाघातासाठी २०१८ च्या वेक-अप चाचणीपासून एमआरआयचा उपयोग झाला. एका चित्रात इजा दिसते, दुसऱ्यात अजून उमटलेली नाही, म्हणजे घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. अशांना औषध देता येतं.

एआयबद्दल हल्ली सगळे विचारतात. मुंबईच्या कंपनीचं सॉफ्टवेअरही डोक्याच्या सीटीत रक्तस्राव हेरून तो स्कॅन रांगेत पुढे काढतं. रांग मोडणं हेच त्याचं काम. निर्णय माणसाचाच.

बीपीचं_पुस्तक
पत्रकात एक चौकट यासाठी ठेवाच: जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडू नका. वरचं बीपी २०० दिसलं की घाबरून कोणीतरी ते करतं. गुठळीच्या पक्षाघातात मेंदू त्या चढलेल्या दाबावरच तग धरून असतो, आणि बीपी धाडकन उतरलं की उरलासुरला भागही जातो. विरघळवणारं औषध द्यायचं असेल तर बीपी १८५/११० च्या खाली आणतात, तेही शिरेतून, मोजून मापून. ते औषध द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत बहुधा हात लावत नाहीत.

रक्तस्रावात गणित उलटं. २०२३ च्या इंटरॅक्ट-३ चाचणीत भारतासह १० देशांतले ७,००० हून जास्त रुग्ण होते. वरचं बीपी तासाभरात १४० च्या खाली, साखर आटोक्यात, ताप ३७.५ अंशांच्या आत, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम उलटवणं, हे चारही एकदम केल्यावर निकाल सुधारला. यात महागडं यंत्र एकही नाही.

मग अँब्युलन्समध्येच बीपी उतरवलं तर? चीनमध्ये २०२४ साली तेही करून पाहिलं. रक्तस्राव असलेल्यांना फायदा, गुठळीवाल्यांना तोटा, बेरीज शून्य. सीटीआधी बीपीला हात लावू नये, याला यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा?

आता प्रतिबंध. घरी बीपी असं मोजा: लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि रात्री, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टर गाठा. दंडाचा घेर आधी मोजपट्टीने बघा, साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरपर्यंतच. जाड दंडावर आखूड पट्टा लावला की आकडा खोटा चढतो आणि नको ती गोळी सुरू होते.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं: हुमण (माशांची आमटी), मिस्कुट (लोणचं), पापड, खारे बांगडे. पावसाळ्यात सुक्या मासळीवर निभावणाऱ्या घरात हा चमचा न्याहारीलाच संपतो. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा ओतून टाकलं तर मीठ बरंच उतरतं, सगळं नव्हे.

चीनमधल्या ६०० गावांत, जवळपास २१,००० लोकांवर, तीन हिस्से साधं मीठ आणि एक हिस्सा पोटॅशियम क्लोराईड असं मिश्रण देऊन बघितलं. २०२१ चा निकाल: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. असं मीठ आपल्याकडे लो-सोडियम म्हणून मिळतं. पण मूत्रपिंड दुबळं असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडतात.

खाजन
'दहा मिनिटांत आपोआप बरं झालं' याबद्दल कोणी लिहिलं नाही.

न्यूरो_ताळगाव
बरं झालं आठवण केलीत, खाजनबाब. ते बरं झालेलं नसतं, ती पुढच्याची वर्दी असते, आणि धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त. २०१३ ची चान्स चाचणी: ५,१७० रुग्ण, सौम्य पक्षाघात किंवा असा येऊन गेलेला झटका, २४ तासांच्या आत क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही सुरू. ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात ८.२ टक्के, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ११.७. अर्थात रक्तस्राव नाही हे स्कॅनने बघून.

गडबड होते ती पुढे. दोन गोळ्यांची जोडी साधारण २१ दिवसांसाठी, नंतर एकच. चिठ्ठीवर 'चालू ठेवा' एवढंच असतं, फार्मसीवाला देत राहतो, आणि जोडी तीन वर्षं चालते. लहान नळ्यांच्या पक्षाघातात जोडी लांबवली तर रक्तस्राव आणि मृत्यू वाढतात, हे २०१२ मध्येच दिसलंय. चिठ्ठीवर थांबवायची तारीख लिहून मागा.

मोगरी_कुडचडे
आता घरी आणल्यावरचं. तेल लावून चोळणं, हाताला चेंडू, छताच्या हुकाला दोरी-कप्पी, हे घराघरांत चालतं. चालू द्यायचं का?

फिजिओ_फोंडा
तेल लावा, माया म्हणून. स्नायूला हुकूम मेंदूकडून येतो, तो चोळून येत नाही. पोटरी एकीकडेच सुजून गरम झाली असेल तर मात्र अजिबात चोळू नका, आत शिरेत गुठळी असू शकते.

कप्पी बंद. दुबळ्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू झोपलेले असतात. चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात वर खेचला की हाड सांध्यात चिमटतं, आणि जो खांदा दुखत नव्हता तोही दुखू लागतो. दुखणारा खांदा म्हणजे व्यायाम बंद, झोप बंद. त्याच कारणाने उठवताना काखेत हात घालून किंवा हात धरून ओढू नका. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. बसताना कोपर आणि पंजा उशीवर किंवा मेजावर टेकलेला हवा, लोंबता नको.

चेंडूही बाजूला ठेवा. बहुतेकांची अडचण मूठ वळण्याची नसते, उघडण्याची असते. चेंडू दाबून दाबून नको ती ताकद वाढते.

त्याऐवजी काम द्या आणि मोजा. उत्तर अमेरिकेत २००९ साली फिजिओथेरपीच्या सत्रांत प्रत्यक्ष मोजणी केली, तर हाताच्या कामाच्या आवृत्त्या सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतात ते शेकड्यांनी. म्हणजे घरी: पेला उचल-ठेव, वाटीतले वाल एकेक दुसऱ्या वाटीत, कपड्यांचे चिमटे दोरीवर. एका कामाच्या पन्नास-पन्नास, मध्ये दम घेत, दिवसातून तीन-चारदा. जमू लागलं की वाटी लांब सरकवा. सोपंच करत राहिलं तर उपयोग नाही.

मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश आपली आपण उचलता येत असतील, तर चांगल्या हाताला हातमोजा घालून दुबळ्याकडूनच कामं करून घेण्याची पद्धत लागू पडते. २००६ ची एक्साइट चाचणी त्यावरच: दोन आठवडे, जागेपणाचा ९० टक्के वेळ हातमोजा, कामाचा सहा तासांपर्यंत सराव. घरी दोन तासांची सौम्य आवृत्ती पुरे. चालताना, पायऱ्यांवर, चुलीपाशी मोजा काढायचा, तोल गेला तर चांगला हातच वाचवतो. बोट हलतच नसेल त्याने हे करू नये, नुसती चिडचिड होते. त्याला आरसा: छातीसमोर मधोमध उभा, दुबळा हात आरशामागे, चांगल्या हाताची हालचाल प्रतिबिंबात बघत रोज अर्धा तास, चार आठवडे.

बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) पायऱ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी.

खाजन
फिजिओबाब, घरच्या सरावावर एक अप्रिय गोष्ट. २०१७ ची अटेंड चाचणी भारतातलीच, १४ इस्पितळं, १,२५० रुग्ण. घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतला. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत फरक शून्य. आणि २०१५ ची अ‍ॅव्हर्ट: पहिल्या २४ तासांत जोरात उठवा-बसवायला लागलं तर निकाल उलट बिघडला. फ्लुओक्सेटिनचंही (नैराश्यावरची गोळी) तसंच, २०११ मध्ये आशा, नंतरच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट.

फिजिओ_फोंडा
तिन्ही मान्य. पण अटेंडवरून 'घरी काही करू नका' हे निघत नाही. थोडं शिकवून घरच्यांवर सोपवलं तर नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त मिळत नाही, एवढंच निघतं. मात्रा आणि वेळ दोन्ही लागतात. वेळेबद्दल २०२१ चा एक छोटा अभ्यास आहे, ७२ रुग्णांचा: हाताचा २० तासांचा जादा सराव दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास दिला तेव्हा सर्वाधिक फायदा, सहा महिन्यांनंतर दिला तेव्हा जवळपास नाही. आपल्याकडे नेमकं त्या दोन-तीन महिन्यांच्या सुमारासच नातेवाइकांची वर्दळ ओसरते आणि फिजिओ बंद होतो. पत्रकात कॅलेंडर छापा आणि त्या महिन्याभोवती लाल चौकट काढा.

गळ्यातल्या व्हेगस नसेला विजेचे झटके देणारं यंत्रही २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. चांगलं आहे, पण तेही सरावाबरोबरच चालतं. यंत्र लावून बसून राहिलं तर काही नाही.

शब्दावली
गिळण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि गोव्यात ते पेजेपाशी अडतं.

आजारी माणसाला पेज हा आपला धर्म. पण पाणी आणि शितं एकत्र म्हणजे गिळायला सगळ्यांत कठीण प्रकार. पाणी आधी घशात धावतं, शितं तोंडात राहतात, आणि पाणी श्वासनळीत जातं. न्यूमोनिया इथून होतो, कधीकधी ठसकासुद्धा न लागता. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय काहीच देऊ नका. प्रशिक्षित माणूस ९० मिली पाणी सलग प्यायला लावून बघतो. थांबला, खोकला किंवा नंतर आवाज ओला घोगरा आला, तर नापास. दाट द्यायला सांगितलं असेल तर पेज मिक्सरमधून एकजीव करा, किंवा नाचणीचं तिजन द्या, ते मुळातच सारखं असतं. सोलकढी पातळ, ती नंतर. माणूस ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली, चहाच्या चमच्याएवढा घास, दुबळ्या बाजूच्या गालात अडकलेलं बोटाने किंवा ब्रशने काढायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

बोलण्याचं: वाचा गेली म्हणजे अक्कल गेली नाही. कोकणी, मराठी, इंग्रजी, जुन्या पिढीत पोर्तुगीजही, यांतली कुठली भाषा आधी परतेल सांगता येत नाही. 'एकच भाषा बोला, गोंधळ होईल' हा सल्ला नको, जी येते ती घ्या. हैदराबादच्या ६०८ रुग्णांच्या २०१६ च्या अभ्यासात पक्षाघातानंतर बुद्धी शाबूत राहिलेले दुभाषिकांत ४०.५ टक्के होते, एकभाषिकांत १९.६. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोघांत सारखंच. भाषेच्या सरावात आठवड्याला एक लांबलचक बैठक घेण्यापेक्षा चार-पाच दिवस थोडं थोडं बरं, एकूण २० ते ५० तास भरेपर्यंत.

मोगरी_कुडचडे
पत्रक चार पानांचं आठ पानांचं झालं. शेवटचं एक: असिट्रोमवर असणाऱ्यांनी तांबडी भाजी सोडायची का? आणि नव्या गोळ्या आल्यात तर असिट्रोम कशाला?

न्यूरो_ताळगाव
सोडायची नाही, मोगरीताई. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व नव्हे, 'के' जीवनसत्त्व असिट्रोमच्या विरुद्ध काम करतं. अडचण भाजी खाण्याची नाही, चढउतारांची. आठवडाभर काहीच नाही आणि मग ताळगावची भाजी आली म्हणून तीन दिवस परातभर, असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) घसरतो. दर आठवड्याला साधारण तेवढीच खा, डॉक्टर गोळी त्या हिशोबाने बसवतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हृदयाच्या झडपेवर आहे. साध्या अनियमित ठोक्यांत नव्या गोळ्या चांगल्या. पण संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल तर जुनीच. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत, साडेचार हजारांवर रुग्णांत, रिव्हॅरॉक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुन्या गटातल्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. 'नवी गोळी आली, रक्त तपासायची कटकट गेली' म्हणून कोणी परस्पर बदलत असेल तर आधी इकोचा रिपोर्ट बघायला सांगा.